पाणी तेच होतं

गोवर्धन गावंडेला काय काय मिळायचं होतं ते आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे पुढे माणूस उगाच भला वाटायला लागतो. अमरावतीच्या त्याच्या कॉलेजात शरीरक्रियाशास्त्राचा नवा विभाग निघणार होता, त्याची खुर्ची. नागपूरच्या विद्वानांसमोर उभं राहून निबंध वाचण्याचा मान. जमलंच तर बोटीचा प्रवास, आणि तोही सरकारच्या जिवावर. बायकोला, जमुनाला, शेजारणींच्या घोळक्यात 'आमच्याकडे तर' असं म्हणून सुरू करता येईल असं एक तरी वाक्य. हा झाला वरचा माल. तळाशी, पोत्याच्या अगदी तळाशी, त्यानं स्वतःपाशीही कधी धडपणे न उच्चारलेली एक गोष्ट होती: आपण बोलत असताना बापानं, किसनरावांनी, हातातलं काम थांबवून एकदा वर पाहावं. बेचाळिशीला टेकलेल्या, चष्मा लागलेल्या, मुलं ज्याला वर्गात उठून नमस्कार करतात अशा माणसाला ही असली हाव असते हे लोकांना खरं वाटत नाही. पण हाव वयाला विचारून येत नाही, आणि मोठ्या हावेपेक्षा ही असली बारकी हाव माणसाकडून जास्त काही करवून घेते.

तर हे सगळं त्याच्या पदरात पडून दोन वर्षं झाली होती. अकोल्याच्या एका कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षेचा बाहेरचा परीक्षक म्हणून तो आला होता. काम आटोपलं होतं, गाडीला वेळ होता, आणि जठारपेठेतल्या एका हॉटेलच्या बाहेरच्या बाकावर बसून तो चहात बिस्किट बुडवत होता. तेवढ्यात पाठीमागून कुणीतरी 'सर' म्हणालं. अर्ध्या वऱ्हाडात त्याला कुणी ना कुणी सर म्हणतच असे, त्यात दचकण्यासारखं काही नव्हतं. पण या 'सर'मधला स किंचित लांब होता, आणि बिस्किटाचा भिजलेला तुकडा तुटून ग्लासात पडला. मान वळवायच्या आधीच त्याचे कान गरम झाले. मग गरमी मानेवर उतरली, तळहातांना घाम आला. या सगळ्याची शास्त्रीय कारणं तो मुलांना फळ्यावर आकृती काढून सांगत असे. आता त्यातलं एकही कारण उपयोगी पडलं नाही.

बिल्कीसच होती, त्याची जुनी विद्यार्थिनी. खांद्याला शाळेच्या वह्यांनी फुगलेली पिशवी, चेहरा थोडा बारीक झालेला. "ओळखलं नाही ना सर?" ती म्हणाली. "ओळखलं तर," तो म्हणाला आणि उठून उभा राहिला. शिक्षक विद्यार्थिनीसमोर उभा राहत नाही हे उभा राहिल्यावर त्याच्या लक्षात आलं. ती मुलींच्या शाळेत शिकवत होती. विज्ञान? विज्ञान आणि शिवण, दोन्ही. हसली. मग तीच विचारत राहिली: कॉलेजात बेडूक अजून मिळतात का थंडीत, शिपाई नत्थुजी कसे आहेत, बेडकांचा हौद गळायचा तो दुरुस्त झाला का. तो उत्तरं देत राहिला आणि मनात गाडीची वेळ पुढे ढकलून, मागे ओढून पाहत राहिला. "घरी चला ना," ती म्हणाली. "पुलापलीकडे तर आहे. अम्मी नेहमी तुमचं नाव काढते. तुम्ही अकोल्याला येऊन असेच गेलात हे कळलं तर मला जेवू देणार नाही." नाही म्हणायला हरकत नव्हती, आणि नाही म्हणायची सोयच नव्हती. ज्याच्या मनात काही नाही तो झटकन नाही म्हणतो. ज्याच्या मनात काही आहे त्याला प्रत्येक बोलावणं मान्य करावं लागतं. त्यानं चहा तसाच ठेवला.

जुन्या शहराकडे जाताना ती अर्धं पाऊल मागे चालत होती, पूर्वी प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात चालायची तशीच. ते अर्धं पाऊल त्याला जड जात होतं. तिच्याशी काय बोलावं हे सुचेना म्हणून तो अकोल्याच्या पाण्याबद्दल बोलायला लागला आणि वाक्य निम्म्यावर आल्यावर आपण कशाबद्दल बोलतोय हे कळून गप्प झाला. पाणी सोडून जगात दुसरा विषय नव्हता की काय. पण खरंच, त्याच्यापुरता नव्हता. तो खारपाणपट्ट्यातला माणूस. पूर्णेच्या काठचं गाव, जिथे विहीर खणली की खारं लागतं. ज्या पाण्यात तुरीची डाळ दिवसभर शिजत ठेवली तरी दाणा दाण्याला ओळख देत नाही, साबण घासला तर फेसाऐवजी चिकट दही हाताला येतं, आणि सोयरीक ठरवायला आलेले पाहुणे पहिला घोट घेऊन तांब्या हळूच खाली ठेवतात. त्या गावात मोठं होताना गोवर्धननं पाण्याला शिव्याच ऐकल्या होत्या. फक्त एका कामात त्या पाण्याला मान होता. किसनराव विंचवाचा उतारा देत. बांधावर एक काटेरी झुडूप उगवायचं, गाव त्याला उतारी म्हणे. तिचा पाला घरच्या विहिरीच्या घागरभर पाण्यात घालून, घागरीचा तांब्या होईपर्यंत आटवायचा, भांड्याच्या बुडाला धरलेली पांढरी खापरी खरवडून टाकायची, आणि उरलेल्या पाण्यात फडकं भिजवून दंशावर बांधायचं. रडत आलेला माणूस सावकाश गप्प व्हायचा. कुणाकडून काही घ्यायचं नाही आणि विहीर बदलायची नाही, असे दोन नेम. मामानं एकदा पाला आपल्या गोड्या पाण्याच्या गावी नेला होता, तिथं तो चालला नाही, तेव्हा किसनराव म्हणाले होते, "पाला पराया घरी नांदत नाही." गोवर्धन तेव्हा शेजारीच बसला होता. म्हणजे त्याला सगळं लहानपणापासून माहीत होतं. माहीत असणं आणि कळणं यांच्यामध्ये माणसाचं अर्धं आयुष्य सुखानं जाऊ शकतं.

बाप असा की तो अंबाडीचा दोर वळत बोलायचा. गोवर्धन मॅट्रिक झाला, दोर वळला जात होता. एमेस्सी झाला, दोर वळला जात होता. "मास्तर झाला पोरगा," कुणी विचारलं तर म्हणायचे, "पन बेडकाचा." तेव्हा त्या बेडकांकडूनच बापाला जिंकायचं त्यानं ठरवलं. उताऱ्यानं दुखणं थांबतं म्हणजे मज्जातंतूतून जाणारा प्रवाह कुठेतरी अडत असला पाहिजे. आणि बेडकाच्या मांडीतली नस आणि पोटरीचा स्नायू काढून टांगला, नसेला विजेच्या कॉइलचा बारीक झटका दिला, की स्नायू आखडतो आणि त्याला बांधलेली काडी काजळी धरलेल्या ड्रमवर पांढरी रेघ ओढते. झटका, रेघ. झटका, रेघ. उतारा घातला की रेघा ठेंगण्या होत होत सपाट व्हायला हव्यात. झाल्या. धुऊन काढला की परत उंच व्हायला हव्यात. झाल्या. या प्रयोगासाठी तो दर खेपेला गावाहून बसच्या टपावर तेलाच्या डब्यात विहिरीचं पाणी आणायचा, कारण बाप म्हणाला होता, त्या पाण्याबिगर नाही. शास्त्रज्ञानं विचारायला हवं होतं की काहून नाही. मुलानं विचारलं नाही. आयुष्यात बापाचा शब्द जसाच्या तसा पाळल्याचा तो एकच प्रसंग, आणि चूक नेमकी तिथेच झाली. धावतपळत गावी जाऊन त्यानं बातमी दिली, की बेडकाची नस तुमच्या उताऱ्यानं गप्प होते. किसनराव दोराला पीळ देत म्हणाले, "बेडकाले कोनता इंचू चावला होता?"

मोर्णा नदीच्या पुलावर बैलगाड्या, सायकली, सरकीच्या पोत्यांचा एक ट्रक. ट्रक जाईपर्यंत दोघं कठड्याला लागून उभी राहिली. खाली पाणी फारसं नव्हतं. "तुमचे वडील कसे आहेत?" बिल्कीसनं विचारलं. ती सहज विचारत होती. तो "ठीक आहेत" म्हणाला, आणि तेही पूर्ण खरं नव्हतं, पण त्याच्याकडून निघालेल्या बाकीच्या वाक्यांच्या मानानं बरंच बरं होतं.

दोन वर्षांपूर्वी, उताऱ्याचा प्रयोग पाहायला नागपूरची समिती यायची होती त्याच्या आदल्या दिवशी बिल्कीस त्याच्या खोलीत आली होती, हाताला काजळी लागलेली, आणि चेहऱ्यावर असा आनंद की त्याला वाटलं हिचं कुठेतरी लग्न ठरलं. ती तेव्हा तात्पुरती डेमॉन्स्ट्रेटर होती, त्याचीच विद्यार्थिनी, त्यानंच घेतलेली. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या रऊफमियां घड्याळजीची मुलगी. लहानपणापासून भिंग डोळ्याला लावून दातेरी चाकं मोजलेली. तिनं ड्रमवरचा कागद त्याच्यापुढे पसरला. "सर, मी नुसतं पाणी लावून पाहिलं. पाला नाही, नुसतं विहिरीचं पाणी आटवून." रेघा ठेंगण्या, ठेंगण्या, सपाट. "मग पाला शुद्ध पाण्यात उकळून लावला." रेघा उंच, एकसारख्या, कुंपणासारख्या. "पाल्यात काही नाही, सर. पाण्यात आहे. मॅग्नेशियम असणार. उकळल्यावर कॅल्शियम भांड्याला धरतं आणि मॅग्नेशियम पाण्यात राहतं." आणि मग तिनं सपाट रेघेच्या पुढचा भाग दाखवला, जिथे तिनं कॅल्शियमचे थेंब टाकले होते आणि रेघा गवतासारख्या परत वर आल्या होत्या. ती भराभर बोलत होती. नसेच्या शेवटच्या टोकाला पापुद्र्यात जी बारीक दारं असतात, त्यातून कॅल्शियम आत गेलं तरच निरोप स्नायूला पोचतो. मॅग्नेशियमचा कण तसाच, तेवढाच विजेचा भार अंगावर घेतलेला, त्या दारात येऊन बसतो, स्वतः आत जात नाही आणि दुसऱ्याला जाऊ देत नाही. नस शाबूत, स्नायू शाबूत, आणि मध्येच सगळं थांबलेलं. "हे तर जास्त मोठं आहे, सर," ती म्हणाली. "ज्या पाण्याला सगळे शिव्या देतात तेच औषध निघालं." तिनं ते आणलं होतं ते भेट म्हणून आणलं होतं. चूक दाखवायचं तिच्या मनातही नव्हतं. हे त्याला तेव्हाच दिसलं होतं, आणि पुढे दोन वर्षं दाढी करताना रोज दिसत राहिलं.

तो म्हणाला, "काचेची भांडी नीट धुतली होतीस का?" ती म्हणाली, "हो, सर." तो म्हणाला, "पाहू." आणि तिला वाटलं, सर विचार करताहेत. सर खरंच विचार करत होते. उद्या किसनराव यायचे होते. समिती गावच्या पाल्यासाठी नागपूरहून येते म्हटल्यावर त्यांनी आपण होऊन निरोप पाठवला होता, मीबी पाहाले येतो. जन्मात पहिल्यांदा. धुतलेलं धोतर नेसून तो माणूस स्टुलावर बसणार, आणि त्याला सांगायचं काय, की तुमच्या पाल्याला काही अर्थ नाही? तुम्ही आणि तुमच्या बापानं पिढ्यान्‌पिढ्या जो पाला हातानं ओरबाडला, काटे टोचून घेतले, तो नुसता सोबतीला होता? खरं म्हणजे असं सांगायचं नव्हतंच. तुमची विहीर मोठी निघाली, असं सांगता आलं असतं, आणि म्हाताऱ्याला ते कदाचित जास्त आवडलं असतं. पण ते सुचायला थोडा मोकळेपणा लागतो, आणि गोवर्धनच्या अंगात त्या संध्याकाळी मोकळेपणा म्हणून औषधालाही नव्हता. त्याला फक्त एवढंच दिसत होतं की आपण बोलतोय आणि दोर वळला जातोय.

समितीच्या दिवशी सकाळी लवकर, नत्थुजी शिपाई हौदाशी बेडकांना शिव्या देत होता तेव्हा, त्यानं विहिरीच्या आटवलेल्या पाण्याची बाटली मोरीत ओतली आणि नळाचं, तलावाचं गोडं पाणी तिच्यात भरलं. उताऱ्याच्या बाटलीला हात लावला नाही. हे काम हातांना आधीपासून येत असावं इतकं सहज झालं. बाटली पुसून जागेवर ठेवताना चिठ्ठी पुढच्या बाजूला येईल अशी फिरवलीसुद्धा. बाहेर नत्थुजी म्हणत होता, "चाल ना बे, तुले का नागपूरले जायचं हाय का?" आणि गोवर्धनला हसू आलं होतं. ते हसू त्याला नंतर कधीही आठवलं की तो चालता चालता थांबायचा, आणि जमुना विचारायची, काय झालं हो.

बिल्कीसचं घर गल्लीच्या तोंडाशीच होतं. नसीमबानो, तिची आई, दारातच डोक्यावरचा पदर सावरत उभी राहिली आणि आत वळून कुणाला तरी म्हणाली, "अरे, कुर्सी सरकवा, बिल्कीसचे प्रोफेसरसाब आले." तो नको नको म्हणत बसला. शेवया आल्या, पाणी आलं, वरुडची संत्री सोलून समोर आली. "आमच्या घरी कोन येते साहेब तुमच्यासारखं," नसीमबानो म्हणाली. "आमी घड्याळवाले लोक. लोकाईचं टाइम ठीक करते, आपलं टाइम नाही ठीक होत." ती मनापासून हसली. बिल्कीस चहा ठेवायला आत गेली, तशी नसीमबानोनं आवाज खाली केला. "मी तुमाले रोज दुवा देते. पोरीच्या हातून तेवढी मोठी गलती झाली, नागपूरच्या साहेबांसमोर, पन तुमी तिचं नाव नाही खराब केलं. दुसरा कोनी असता तं रिपोट केला असता." त्याच्या हातात संत्र्याची फोड होती. ती तोंडात घालायची की ताटलीत ठेवायची हे ठरत नव्हतं. "पन तेव्हापासून तिचं मन डरलं," ती पुढे म्हणाली. "भाजीत मीठ टाकते तं दोनदा चाखते, मग मलेच इचारते, अम्मी, टाकलं का मी? कुलूप लावते, गल्लीच्या टोकापासून परत येते पाहाले. तिच्या अब्बानं म्हटलं, ये दुकानावर, बारीक काम तुलेच जमते. तं म्हनते, नको, माझी नजर ठीक नाही. चष्मेवाल्याकडे नेलं. तो म्हनते, नजर एकदम साफ हाय." फोड त्यानं गिळली. ती आंबट होती की गोड हे त्याला कळलं नाही.

नागपूरच्या साहेबांसमोरही संत्रीच होती. समितीसाठी खास मागवलेली, आणि प्रयोगशाळेत फॉर्मलिनच्या वासावर सालींचा वास चढला होता. उतारा घातला, रेघा सपाट झाल्या. माना हलल्या. भिंतीकडच्या स्टुलावर किसनराव टोपी मांडीवर घेऊन बसले होते, हात रिकामे. अध्यक्ष, एक संथ, सावध गृहस्थ, संत्र्याची बी तळहातावर काढत म्हणाले, "नुसतं पाणी लावून पाहिलंत का?" गोवर्धनला हा प्रश्न अपेक्षित होता. अपेक्षित होता म्हणूनच बाटली बदलली होती. स्वतः उठून दाखवता आलं असतं. पण तो म्हणाला, "ते मिस बिल्कीस दाखवतील." इथे आपण एवढं खालपर्यंत का गेलो, हे त्याला अजून सापडलं नव्हतं. साक्षीदार हवा होता म्हणावं तर सगळेच साक्षीदार होते. त्याच्याऐवजी हात तिचा असावा, एवढंच असेल. आणि बिल्कीसनं त्याच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, सरांनी रात्रभर विचार करून आपलं मान्य केलं, आणि मोठ्या मनानं आपल्यालाच सांगायला उभं केलं. कृतज्ञता असा शब्द पुस्तकात असतो. तो चेहऱ्यावर आल्यावर कसा दिसतो ते त्यानं त्या क्षणी पाहिलं आणि ड्रमकडे नजर वळवली.

तिनं पाणी घातलं. झटका, रेघ. झटका, रेघ. तिनं थांबून पाहिलं, तारा तपासल्या, स्नायूवर पुन्हा पाणी सोडलं. रेघा उंच, एकसारख्या, कुंपणासारख्या. बाटलीवरची चिठ्ठी तिनं वाचली. पुन्हा वाचली. खोलीत कुणालाच काही विशेष घडल्यासारखं वाटत नव्हतं. विशेष होतं ते हेच, की काही घडत नव्हतं. "ठीक," अध्यक्ष म्हणाले, "पाण्याचा दोष नाही." मग ती त्याच्या जवळ येऊन अगदी हळू म्हणाली, "सर, काल माझ्याकडूनच काहीतरी झालं असेल." आणि तो म्हणाला, "होतं असं." बाटली बदलणं ही हातांची गोष्ट होती, त्याला घाईचा, भीतीचा बहाणा देता येई. 'होतं असं' हे मात्र तो सावकाश, समजुतीच्या सुरात म्हणाला होता, मोठ्या माणसानं लहानाला माफ करावं तसं. सगळ्या प्रकरणात रात्री कूस बदलायला लावायचे ते हेच दोन शब्द. पुढे प्राचार्यांनी विचारलं, मुलगी कशी आहे, कायम करावी का, तेव्हा तो "हुशार आहे, थोडी घाई करते" म्हणाला. ते तर त्या दोन शब्दांच्या पोटातून आपोआप निघालं.

आणि किसनरावांनी पाहिलं का? पाहिलं. जाताना बसस्टँडवर, हात रिकामे, त्यांनी पोराच्या तोंडाकडे सरळ पाहिलं आणि म्हणाले, "बरं झालं. मले वाटे, पाल्यात काई नसन." म्हणजे म्हाताऱ्याच्या मनात शंका होतीच, सगळं आयुष्य होती, आणि पोरानं ती खोटी करून दाखवली. त्या दिवसापासून किसनराव मोकळ्या हातानं पाला द्यायला लागले. सायन्सनं पास केलेला पाला. आता विहिरीचा नेम कशाला. लोक मोळ्या बांधून अमरावतीला, अकोल्याला न्यायला लागले, घरच्या गोड्या पाण्यात उकळायला लागले, आणि रात्रभर विव्हळायला लागले. परत येऊन शिव्या द्यायला लागले. एकानं पाल्याची मोळी किसनरावांच्या अंगणात आणून टाकली आणि म्हणाला, "घ्या, बकरीले घाला." गेल्या पावसाळ्यापासून म्हाताऱ्यानं उतारा देणं बंद केलं. विचारलं तर म्हणतात, "माह्या हाताचा गुन गेला." पाणी घरचंच घ्या, एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर पुरलं असतं. गोवर्धन दर सुट्टीला ते वाक्य घेऊन गावी जातो. ते निघतं, गळ्यापर्यंत येतं. गळा शाबूत असतो, जीभ शाबूत असते. मग तो विचारतो, पाऊसपाणी कसं काय, आणि किसनराव दोर वळत सांगतात. नस आणि स्नायूचा हा पाठ वर्गात शिकवायची पाळी आली की आताशा तो दुसऱ्या मास्तराला देतो.

बिल्कीस त्याला पोचवायला गल्लीतून पुलाकडे निघाली. आईनं रुमालात संत्री बांधून दिली होती; ती त्यानं घेतली होती, न घेणं जमलं नव्हतं म्हणून. उन्हं उतरली होती, कुणाच्या तरी दुकानात रेडिओ लागला होता. तो सांगणार होता. शेवया खाताना ठरलं होतं, फोड गिळताना पक्कं झालं होतं. तो वाक्याची सुरुवात शोधत होता, आणि तीच म्हणाली, "सर, एक विचारू?"

"विचार ना."

"तुमचं गाव इथून लांब नाही. बस जाते, मी चौकशी केली होती. बेडूक पकडता येतात, कॉइल आमच्या शाळेतसुद्धा आहे, जुनी. विहिरीचं पाणी आणून मला पुन्हा करून पाहता आलं असतं." ती पिशवीचा बंद खांद्यावर सारखा करत होती. "पण मी गेले नाही. दोनदा तिकीट काढायला उभी राहिले, नाही गेले."

"का?"

"गेले असते आणि रेघ सपाट झाली असती, तर मग तुमच्याबद्दल काय समजायचं, ते ठरवावं लागलं असतं." ती हे तक्रारीच्या सुरात म्हणत नव्हती, भाजीवालीनं भाव सांगावा तशी म्हणत होती. "ते जड होतं. तुम्हीच मला घेतलं, तुम्हीच शिकवलं. त्यापेक्षा म्हटलं, माझंच चुकलं असेल. तेवढं चालवून घेता येतं. पण कधी कधी वाटतं, एकदा विचारावं. तुम्ही सांगाल ते मी धरेन, मग विषय संपला. त्या दिवशी पाणी तेच होतं ना, सर?"

गाडीवानानं पुलावर कुणाला तरी हटकलं, एक सायकल घंटी वाजवत गेली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात परीक्षा नव्हती, सापळा नव्हता, उलट एक प्रकारची मदतच होती. हो म्हणायला जागा करून दिल्यासारखी. नाही म्हणालात तरी चालेल, असंही त्यात होतं. दोन्ही दारं उघडी होती.

"तेच होतं," गोवर्धन म्हणाला.

तिनं मान हलवली. "मग बरं झालं," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडावर खरोखरच थोडं हलकं झाल्यासारखं दिसलं. त्याला तेच सोसलं नाही.

मिळायचं होतं ते त्याला सगळं मिळालं होतं, खुर्चीपासून बापाच्या नजरेपर्यंत, आणि त्यातलं काही परत जाणार नव्हतं. भरपाई बेडकांनी केली, ती त्यांच्या नशिबी नेहमीचीच. किसनरावांनी केली, आपल्या हाताचा गुण गेला असं समजून. विंचू चावलेल्या परक्या माणसांनी केली, ज्यांची नावंही त्याला ठाऊक नाहीत. आणि सगळ्यांत मोठा वाटा एका मुलीनं उचलला, एकदा प्रयोगशाळेत, कुणी तिला न विचारता, आणि आज पुलाच्या अलीकडे स्वतः मागून घेऊन. वर परतताना ती म्हणाली, "सावकाश जा, सर. या वेळी पुलावर गाड्या फार असतात."